ताईच्या फोनमधली पावणेदोन मिनिटं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाला, घरचा डेटा कसा सांभाळायचा यावर पाच मिनिटं बोल." शाळेत ज्याची वही नेमकी परीक्षेच्या आदल्या दिवशी हरवायची, त्यानं या विषयावर बोलावं याचं बाईंना हसू येत असेल. पण हरवल्यावरच जपण्याची किंमत कळते, म्हणून उभा राहिलोय.

माझी आई वेल्ह्याकडची. जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्यानं पाठ. २०१६ च्या पावसाळ्यात तिला स्वयंपाकघरात बसवून मी फोनवर तीन-चार तास रेकॉर्डिंग केलं. फोन भरला, म्हणून सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि फोनमधून पुसून टाकलं. आई २०१८ मध्ये गेली. पुढच्या वर्षी एके सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही. आतली हार्डडिस्क गेली होती. दोन ठिकाणी दाखवली. "काही निघणार नाही" एवढंच उत्तर मिळालं. वीस वर्षं लोकांच्या कंपन्यांचा डेटा सांभाळणारा मी, स्वतःच्या घरात एकच प्रत ठेवून बसलो होतो!

त्या दिवाळीत ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, एक मला पाठवली होतीस ना?" तिच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर एक ओवी निघाली. पावणेदोन मिनिटांची, मागे कुकरची शिट्टी. आईचा आवाज म्हणून आज आमच्याकडे तेवढाच आहे. कपाटात जपल्यासारखं ठेवलेलं गेलं आणि सहज देऊन टाकलेलं राहिलं.

हे आपल्या तालुक्याला नवं नाही. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांच्या नोंदी तिच्यात आहेत. जेध्यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली आणि टिळकांनी १९१६ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, हे त्या शकावलीतून पुढे आलं. तंजावरला मिळालेल्या 'शिवभारता'नं आणि जोधपूरला सापडलेल्या जन्मकुंडलीनं त्याला दुजोरा दिला. एक पुरावा कारीत, दुसरा तंजावरला, तिसरा जोधपूरला. एका गावाला पूर आला असता, एखादा वाडा जळाला असता, तरी बाकीचे उरले असते.

आमच्या धंद्यात यालाच तीन-दोन-एकचा नियम म्हणतात. पीटर क्रो नावाच्या अमेरिकी छायाचित्रकारानं तो लोकांपर्यंत नेला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझ्या घरी आता तो असा चालतो.

पहिली प्रत लॅपटॉपवर. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर. आपल्याकडे अमावस्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतात. मी त्याच दिवशी डिस्क जोडतो, नवीन फोटो आणि कागद उतरवतो आणि लगेच काढून कपाटात ठेवतो. कायम जोडून ठेवली, तर वीज कडाडली किंवा व्हायरस आला की दोन्ही एकदम जातात. तशीच दुसरी डिस्क ताईकडे वेल्ह्याला असते. दर भाऊबीजेला ती मला ओवाळते आणि आम्ही डिस्कांची अदलाबदल करतो. याशिवाय अगदी मोलाचं तेवढं इंटरनेटवरच्या साठ्यात.

इथं एक सावधगिरी. फोनमधले फोटो गुगलवर आपोआप जातात म्हणून निश्चिंत राहू नका. फोन आणि गुगल जोडलेले असतात. गुगल फोटोज उघडून इकडे पुसलं की तिकडूनही जातं. आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो बारीक होऊन पोचतो.

आणखी दोन सवयी. वर्षातून एकदा, ३१ मार्चला, डिस्कमधली चार-पाच जुनी छायाचित्रं उघडून बघतो. न उघडलेल्या प्रतीचा काय भरवसा? २०११ पासून त्याच दिवशी जगभर 'बॅकअप दिन' पाळतात, आणि आपल्याला तर ती तारीख हिशेबामुळे पाठच असते. दुसरी सवय, पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कुठे आहे हे बायकोला सांगून ठेवलंय. आपल्या माघारी घरच्यांना कुलूपच उघडता आलं नाही, तर आतल्या मालाचा उपयोग काय?

आता मुद्द्याचं. आपल्या स्नेहसंमेलनांचे, सहलींचे, बाईंच्या निरोप समारंभाचे फोटो कुणाकुणाच्या घरी एकेकच आहेत. काहींना बुरशी लागली असेल. काहींतले चेहरे आज या सभागृहात नाहीत. येत्या दिवाळीपर्यंत प्रत्येकानं आपल्याकडचे फोटो माझ्याकडे आणून द्यावेत. स्कॅन करून मूळ फोटो परत देण्याची जबाबदारी माझी. त्यांच्या तीन डिस्क करू. एक भोरला शाळेत, एक वेल्ह्याला आणि एक पुण्यात.

आणि घरात अजून आई-वडील असतील, तर आज रात्रीच त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. झोपण्यापूर्वी भावंडांना पाठवूनही द्या.