शाळेतील ताट आणि सरकारी तिजोरी



बंगळूरचा हा राजाजीनगर विभाग ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते चक्रवर्ती राजगोपालाचारी १९५२ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी धान्यावरील नियंत्रणे व रेशनिंग उठविले. त्यांच्यामागून आलेले कामराज काँग्रेसचेच. परंतु १९५६ साली त्यांनी शाळेत येणाऱ्या गरीब मुलांना दुपारचे जेवण देण्यास प्रारंभ केला. एकाच पक्षाच्या या दोन मुख्यमंत्र्यांनी ज्या प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे दिली, तो प्रश्न आजही मिटलेला नाही. जनतेच्या पोषणाचा भार तिजोरीने उचलावयाचा की बाजाराने? आणि बाजाराला जे परवडत नाही, ते दानशूरांच्या गळ्यात घालून मोकळे व्हावयाचे काय?

याच राजाजीनगरात, हरेकृष्ण टेकडीवर, 'अक्षय पात्र' या संस्थेचे भव्य यांत्रिक स्वयंपाकघर आहे. २००० साली पाच शाळांतील १५०० मुलांपासून आरंभ झालेले हे काम आज अनेक राज्यांत पसरले आहे. तेथील स्वच्छता आणि शिस्त नाकारण्याचे कारण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०१९ साली येथील जेवण ठरलेल्या पोषणमूल्यांत बसते असा निर्वाळा दिला होता. परंतु देणगीची पावती फाडणाऱ्यांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, या जेवणाचे धान्य सरकारी कोठारातून येते आणि शिजविण्याच्या खर्चाचे अनुदानही केंद्र व राज्य देतात. देणग्यांची भर पडते, पण पाया जनतेच्या पैशाचा आहे. असे असूनही ताटात कांदा-लसूण नसावा, अंडे नसावे, हे ठरविते संस्था. घरी कांदा, अंडी, मासळी खाणाऱ्या श्रमिकांच्या मुलांचे मत त्यासाठी कोणी विचारले?

शिजविलेले अन्न हा मुलांचा हक्क आहे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. त्यापूर्वी, १९९५च्या केंद्रीय योजनेनुसार, बहुतेक राज्ये महिन्याकाठी केवळ कोरडे धान्य वाटून मोकळी होत. एप्रिल २००४च्या आदेशाने आणखी एक पाऊल टाकले: स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे. या वाक्याचे मोल खेड्यात कळते. दलित बाईच्या हातचे अन्न आपल्या मुलांनी खाऊ नये म्हणून कित्येक गावांत पालकांनी मुलांना घरी बसविले. तरीही जेथे ती बाई चुलीपाशी टिकली, तेथे एका पंगतीत बसणारी पिढी वाढते आहे. शंभर मुलांच्या शाळेला नियमानुसार दोन स्वयंपाकिणी लागतात. मोटारीतून डबे आले की या दोघींची आवश्यकताच संपते. योजनेच्या नियमांनीही मध्यवर्ती स्वयंपाकघराची मुभा दिली ती शहरांतील जागेच्या अडचणीसाठी. खेड्यांत जेवण शाळेतच शिजावे, हा दंडक आहे.

मग शाळेतील चूल अशक्त का? कारण सरकारनेच तिला उपाशी ठेवले. केंद्राच्या निकषाप्रमाणे स्वयंपाकिणीचे मानधन दरमहा १००० रुपये, तेही वर्षातील दहा महिने. हा आकडा २००९ साली ठरला आणि तेव्हापासून तसाच आहे. त्यातील केंद्राचा वाटा ६०० रुपये! काही राज्ये आपल्या पदरची भर घालतात. केरळने ही रक्कम अनेक पटींनी वाढविली. देशभरातील सुमारे २५ लक्ष स्वयंपाकिणींना कामगार म्हणण्याचेही सरकार टाळते, 'मानसेवी' म्हणते. मे २०२५पासून प्राथमिक शाळेतील मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला व सरपण यांसाठी मिळतात ६ रुपये ७८ पैसे. बाजारात एका अंड्यालाच जवळपास तेवढे पडतात.

येथे शेतकऱ्याचा प्रश्न येऊन मिळतो. बंगळूरच्या भोवतालच्या कोरडवाहू जिल्ह्यांचे मुख्य अन्न म्हणजे रागी, आपली नाचणी. २०२५-२६ साठी तिचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये जाहीर झाला. पण जाहीर झालेला भाव आणि हाती पडलेला भाव यांत अंतर असते, हे कोकणातील व कोल्हापूरच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. तालुक्यातील शाळांसाठी त्याच तालुक्याची नाचणी, कलबुर्गीची तूर आणि बचत गटांतील स्त्रियांची अंडी सरकारने हमीभावाने खरेदी केली, तर तोच रुपया शेतकऱ्याच्या घरी एकदा आणि मुलाच्या ताटात दुसऱ्यांदा पोहोचेल.

कर्नाटकात अंड्याचा प्रवेश सुखासुखी झाला नाही. डिसेंबर २०२१मध्ये कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांपासून प्रारंभ झाला, तेव्हा काही मठाधिपतींनी विरोध केला. मुलांनी मात्र अंडे की केळे, या प्रश्नाचे उत्तर हात पुढे करून दिले. बहुसंख्यांनी अंडे घेतले. पुढे योजना राज्यभर गेली. २०२४पासून आठवड्याचे सहाही दिवस अंडे मिळू लागले. पण त्यातील चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी प्रतिष्ठानच्या सुमारे १५०० कोटी रुपयांच्या, तीन वर्षांच्या देणगीतून होतो. देणगी स्वागतार्ह आहे. तिची मुदत संपल्यावर ते चार दिवस कोणाच्या अंदाजपत्रकात असतील, हे विधानसभेत आजच विचारावयास हवे.

महाराष्ट्रात तर एवढेही उरले नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबविला आणि शाळांना सांगितले की, हवे असल्यास लोकवर्गणीतून द्या.