शेजारी जेवणारं मांजर
मांजर दिवसातून अनेकदा थोडं थोडं खातं. शेजारच्या काकूंनी बशीत दूध ओतलं की ते तिथेच रमतं, आणि काकू त्याला ‘आमची मनी’ म्हणू लागतात. माया खरी असते, म्हणून भांडू नका. पण गप्पही बसू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसणाच्या रश्शात कालवलेला भात तर घातकच. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सर्वांत मोठी भीती औषधाची. मांजर मलूल दिसलं म्हणून कुणी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चारली, तरी त्याचा जीव जाऊ शकतो. काकूंना हे समक्ष भेटून सांगा. मांजराच्या गळ्यात ताण पडताच सुटणारा पट्टा बांधा, त्यावर तुमचा फोन नंबर लिहा. रेबीजची लस कधी टोचली, हेही काकूंना कळवा. मांजराची नखं आणि दात त्यांनाही लागू शकतात.