स्वल्पविराम कुठे द्यायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात, रविवारच्या इंग्रजी लेखनवर्गातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चौघेजण दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मंडळाच्या वाचनालयात आठवी ते बारावीच्या मुलांना इंग्रजी लिहायला शिकवतो. बोलायला नव्हे. बोलायला शिकवणारे क्लास आपल्या इंदुरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या पाट्याही मोठ्या आहेत. आम्ही फक्त लिहायला शिकवतो: वाक्य कुठे सुरू होते, कुठे संपते आणि मध्ये कुठे थांबते, एवढेच.

वर्ग सुरू झाला तेव्हा मंडळातल्या काही ज्येष्ठांनी एक प्रश्न विचारला होता. तो रास्त होता, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. मराठी टिकावी म्हणून पूर्वजांनी ही वास्तू उभी केली, मग इथे इंग्रजीचे व्याकरण कशाला? आमचे उत्तर असे, की या मुलांना मराठी व्याकरणाची ओळखसुद्धा याच वर्गात होते आहे. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, अशी आपल्याकडची तिसरी-चौथी पिढी. आजीशी 'मी येऊन राहिलो' असे गोड इंदुरी मराठी बोलणाऱ्या मुलाला कर्ता आणि क्रियापद कधी कुणी मराठीत दाखवलेलेच नसते.

एक साधी गोष्ट पाहा. हिंदीच्या वहीत वाक्य संपले की उभी पाई द्यायची. इंग्रजीच्या वहीत टिंब. आणि आजोबांना मराठीत पत्र लिहायचे झाले तर पुन्हा टिंब, अक्षरे मात्र हिंदीचीच. आमच्या वर्गातल्या एका आठवीतल्या मुलाने इंग्रजी निबंधात प्रत्येक वाक्यापुढे उभी पाई दिली होती. शाळेत त्याला त्याबद्दल वर्गासमोर उभे केले गेले. आम्ही त्याला विचारले, मराठीत टिंब आणि हिंदीत पाई, असे का? त्याला माहीत नव्हते. त्याच्या वडिलांनाही नव्हते. मग पुढचा सगळा रविवार त्यातच गेला, आणि तो आमचा सगळ्यात चांगला रविवार होता.

मोडीत लिहिणारे आपले कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेत आणि तिला अक्षरे टांगत जात. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचे. पोथ्यांमध्ये एक दंड, दोन दंड, एवढाच थांबा. वाचणारा जाणकार आहे, त्याला अर्थ ठाऊक आहे, असे त्यात गृहीत धरलेले असे. छापखाने आले, शाळा निघाल्या, आणि मजकूर अनोळखी माणसाच्या हातात जाऊ लागला, तेव्हा हे पुरेना. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, तेच इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी छापून. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणांची छाप आहे. मेजर थॉमस कँडी यांनी तर १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिकाच लिहिली. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी आपल्याकडे अशी पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली. हिंदीने पूर्णविरामापुरता जुना दंड राखला, आपण तोही बदलला. उभी पाई देणारा मुलगा चुकला होता, पण त्याच्या चुकीला दोनशे वर्षांचा इतिहास होता. हे कळल्यावर तो घरी जाऊन वडिलांना शिकवून आला.

आता खरी गंमत इथे आहे. चिन्हे तीच असली तरी नियम तेच नाहीत. पाहुणा घरचा झाला की तो घरच्यासारखा वागायला लागतो. मराठीत आपण लिहितो, 'जो मुलगा महूहून येतो, तो माझा भाऊ आहे.' इथला स्वल्पविराम अगदी बरोबर आहे; जो-तोच्या जोडीमध्ये तो हवाच. मूल हेच वाक्य इंग्रजीत नेते आणि स्वल्पविरामही सोबत नेते: 'द बॉय हू कम्स फ्रॉम महू, इज माय ब्रदर.' इथे तो चूक ठरतो, कारण इंग्रजीत ते सगळे मिळून एकच कर्ता आहे आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम चालत नाही. कर्ता कितीही लांब असो, वाचताना दम लागला तरी नाही. 'जिथे श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या' असे पुष्कळ शाळांत सांगतात. अथर्वशीर्षाच्या आवर्तनाला तो सल्ला उत्तम आहे, इंग्रजी निबंधाला नाही.

दुसरे उदाहरण. 'पाऊस आला, आम्ही घरी गेलो.' मराठीत हे वाक्य कुणालाही खटकणार नाही. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. तिथे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर 'सो', 'अँड' असे काही मध्ये घाला. आमच्या मुलांच्या वह्यांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच, आणि ती निष्काळजीपणाची नाही. ते मूल मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिते आहे, याची ती खूण आहे.

तसाच आपला 'की'. 'त्याने मला विचारले की तू कुठे जातोस?' यात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात आणि शेवटी प्रश्नचिन्हही शोभते. मग मूल लिहिते, 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग?' एका वाक्यात चार दुरुस्त्या! 'दॅट' काढायचा, 'यू'चा 'आय' करायचा, क्रियापद भूतकाळात आणून शब्दांचा क्रम साध्या वाक्यासारखा सरळ करायचा, आणि प्रश्नचिन्ह खोडायचे. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग', आणि पुढे टिंब. हे नुसते नियम म्हणून पाठ करायला सांगितले की मूल कंटाळते. मराठीचे वाक्य शेजारी लिहून फरक दाखवला की ते स्वतःच हसते.

काही ठिकाणी मात्र आपली देवनागरी कामाला येते, आणि हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. 'अ' आणि 'अ‍ॅन' यांचा घोळ सगळ्यांना माहीत आहे. पाच स्वरांची अक्षरे आली की 'अ‍ॅन', असे पाठ केलेले मूल 'अवर'पाशी आणि 'युनिव्हर्सिटी'पाशी हमखास पडते, कारण नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. आम्ही म्हणतो, तो शब्द देवनागरीत लिही. अवर: अ, स्वर, म्हणून 'अ‍ॅन'. युनिव्हर्सिटी: य, व्यंजन, म्हणून 'अ'. एम.ए.ची पदवी: ए, म्हणून 'अ‍ॅन'. वन रुपी: व, म्हणून 'अ'. बाराखडी शिकलेल्या मुलाला हे एका मिनिटात दिसते.

नुसतेच 'इट्स' लिहायचे असेल तर वर अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्यायची की नाही, यावर आम्ही फार वेळ घालवत नाही. 'हिज' आणि 'हर'ला ती लागत नाही, म्हणून 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'लाही लागत नाही. 'इट इज'चे आखडलेले रूप असेल तर लागते. बस. राजवाड्याभोवतीच्या पाट्यांवर अनेकवचनालासुद्धा ती लावलेली दिसते, ती मोजण्याचा खेळ मुलांना आवडतो.

आणखी एक सांगायला हवे. सगळे नियम एकाच वजनाचे नसतात. यादीत शेवटच्या 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, पूर्णविराम अवतरणचिन्हांच्या आत की बाहेर, ही रीतीभाती आहे. इंग्लंडची एक, अमेरिकेची दुसरी. मुलाच्या पुस्तकात एक असते आणि संगणक दुसरेच लाल करून दाखवतो. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वापरले आहे. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजले, हे आमच्या मुलांना फार आवडते. व्याकरण लिहिणारा माणूस वाळवंटातल्या शिपायांच्या साहसकथाही लिहितो, हे त्यांना खरे वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज वेळ मागून घेतला, ती सांगतो.

गेल्या वर्षी वर्गात नववीतली एक मुलगी आली. घरचा शिवणकामाचा व्यवसाय. तिचे इंग्रजी निबंध निर्दोष होते. एकही चूक सापडेना. प्रत्येक वाक्य चार-पाच शब्दांचे. माय फादर इज अ टेलर. ही वर्क्स हार्ड. आय लव्ह हिम. दहा ओळींत निबंध संपला. आम्ही मराठीत विचारले, बाबांबद्दल आणखी काही सांग ना. मग ती बोलायला लागली: लग्नसराईत बाबा रात्री दोनपर्यंत बसतात, डोळ्यांना दिसेनासे झाले तरी सुईत दोरा आईला ओवू देत नाहीत, आणि उरलेल्या चिंध्यांची हिच्यासाठी त्यांनी शिवलेली गोधडी हिने अजून ठेवली आहे. आम्ही म्हटले, हे का नाही लिहिलेस? ती म्हणाली, 'लांब वाक्यात स्वल्पविराम येतो. मग लाल गोल होतो.'

सहावीपासून तिच्या वह्या आम्ही मागवून पाहिल्या. सहावीतल्या निबंधात लांबलचक, धडपडणारी, चुकांनी भरलेली वाक्ये होती. सातवीत ती आखूड झाली. आठवीत आणखी. गुण मात्र दरवर्षी वाढत गेले. घरचे खूश, शाळा खूश. मुलगी जे सांगू शकत होती ते सांगायचे तिने सोडून दिले होते, आणि कुणाच्या ते लक्षात आले नव्हते, कारण चूक कुठेच नव्हती.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. एका पानावर फक्त तीन दुरुस्त्या, त्याही पेन्सिलीने. उरलेल्या चुका पुढच्या रविवारी पाहू. पहिला मसुदा विरामचिन्हांशिवाय लिहायचा, अगदी मोडीसारखा, आणि मग मोठ्याने वाचून वाक्ये कुठे संपतात ते आपणच शोधायचे. पालकांपैकी काहींना हे पटले नाही. एका आईने आम्हाला स्पष्टच विचारले, की चुका तशाच ठेवल्या तर परीक्षेत काय होईल? त्या माउलीची काळजी खोटी नाही. परीक्षेत गुण कापले जातात, त्या मुलीचेही कापले गेले. सहामाहीला सात गुण कमी पडले. बाबा वर्गावर आले होते. आम्ही त्यांना गोधडीचा निबंध मराठीतून वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, थोडा वेळ बसले आणि मुलीला पुढच्या रविवारीही पाठवले. अर्धविराम कुठे द्यायचा हे तिला अजून नीट जमत नाही. वाक्ये मात्र आता तीन-तीन ओळींची येतात.

आज वर्गात एकवीस मुले आहेत आणि आम्ही चौघेच. एका पानावर तीनच दुरुस्त्या करायच्या तर आधी ते पान दोनदा वाचावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. आपल्यात बँकेतून, रेल्वेतून, न्यायालयातून निवृत्त झालेली, आयुष्यभर इंग्रजीत मसुदे लिहिलेली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांपैकी तिघेजण मिळाले तर मुलांचे दोन गट करता येतील. इंग्रजी फार मोठे नसले तरी चालेल, मराठी चांगले असावे, कारण मूल अडले की दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी लिहून दाखवावी लागतात. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी नऊ वाजता वाचनालयाचे दार उघडे असेल. साडेदहाला पोहे असतात. लाल पेन घरी ठेवून यावे.