खाऱ्या समुद्रातील गोड्या विहिरी



हिवरा आश्रमाच्या व्यासपीठावरून आज आम्ही समुद्राची गोष्ट सांगणार आहोत. कोठे आपले वऱ्हाड आणि कोठे समुद्र, असे कोणी म्हणेल. परंतु शेजारच्या लोणारला सरोवर खारे आणि काठावरची धार गोडी, हे नवल आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तेच नवल आम्ही गेल्या माघात भर समुद्रात पाहिले.

मालवणच्या धक्क्यावरून सकाळी होडीत बसलो. समोर कुरटे बेट आणि त्यावर सिंधुदुर्ग. इ. स. १६६४ च्या आरंभी शहाजीराजे निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस शिवरायांनी या किल्ल्याचा पाया घातला. काम तीन वर्षे चालले. म्हणजे आपल्या सिंदखेडच्या लेकीच्या हयातीतच हा जलदुर्ग उभा राहिला, आणि म्हणून तो पाहताना आम्हांला परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही.

होडी अगदी तटाला भिडेपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या मध्ये वळण घेऊन तो दडवलेला आहे. आत शिवरायांच्या हाताचे व पायाचे ठसे दाखवतात. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवरायांचे देऊळही येथे आहे. इंग्रजांनी १७६५ साली किल्ला घेऊन त्याला आपल्याकडचे नाव दिले. ते नाव आज कोणाच्या ओठी नाही. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हाही आहे.

पण आमच्या मनात घर करून राहिल्या त्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूंकडे खारा समुद्र आणि मध्ये पिण्याजोगे पाणी! यात चमत्कार नाही. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते वर तरंगते. मात्र उपसा मर्यादेबाहेर गेला की खालचे खारे पाणी वर चढते. तट कितीही भक्कम असो, विहीर बिघडली तर किल्ला पडला असे समजावे. जागा निवडणाऱ्यांनी तोफांआधी पाण्याचा विचार केला असला पाहिजे.

एके काळी या तटाच्या आत गाव नांदत होते. आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद होतात. अशाच एका घराच्या ओटीवर आम्ही टेकलो. म्हाताऱ्या आजींनी तांब्या पुढे केला. "आदी पाणी घेवा, मगे किल्लो बगा," त्या म्हणाल्या. पाणी खरोखर गोडे होते. मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्या गावात पाणी कसा आसा?"

आम्ही म्हणालो, "उन्हाळ्यात टँकर येतो, आजी."

"बाव नाय?"

"आहे. गाळाने भरली आहे."

"मगे गाळ कोण काढता?"

श्रोतेहो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्यातले दोघे पदवीधर, एक तर निवृत्त शिक्षक. सगळे खाली पाहत बसलो. नळ आला, तेव्हा विहीर सुटली. नळ आटला, तेव्हा टँकर मागितला. विहिरीत उतरण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

संध्याकाळी परतताना तट काळवंडत गेला आणि आत एक-दोन दिवे लागले. आम्हांला वाटले, किल्ला नुसत्या दगडांनी टिकत नाही. आत कोणी दिवा लावतो, विहीर राखतो, म्हणून तो टिकतो. गावाचेही तसेच आहे.

गेल्या चैत्रात आम्ही आमच्या गावची विहीर उपसायला घेतली. पहिल्या दिवशी सातजण होतो, चौथ्या दिवशी एकवीस. पाणी किती लागेल, हे पाऊस ठरवील. परंतु त्या आजींनी पुन्हा विचारले, तर आता आम्हांला मान खाली घालावी लागणार नाही. आपल्या गावच्या विहिरीत शेवटचे कोण उतरले होते, एवढे आज घरी गेल्यावर विचारून पाहा, हीच आमची विनंती आहे.