स्वागताध्यक्षीय भाषण : मराठी अभियंत्यांची परिषद, मँचेस्टर

अभियांत्रिकी व्यवस्थापन, म्हणजे यंत्रे, माणसे, वेळ आणि पैसा यांची सांगड घालून काम तडीस नेण्याची विद्या, अनुभवी सहकाऱ्यांकडून कशी शिकावी याचा ऊहापोह तज्ज्ञ करणारच आहेत. स्वागताध्यक्षाने नगरीचा परिचय करून द्यावा, हेच उचित.

मुंबईच्या जुन्या सूतगिरण्यांत लँकेशायरची यंत्रे होती आणि ती चालवायला शिकवणारे कितीतरी मास्तरही सुरुवातीला येथूनच जात, त्यामुळे परळ-लालबागशी नाते सांगणाऱ्यांना हे शहर परके वाटू नये. 1824 मध्ये येथे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन, म्हणजे कारागिरांना शास्त्रशिक्षण देणारी संस्था, स्थापन झाली. तिच्याच वंशातील यूमिस्ट हे विद्यापीठ 2004 मध्ये आजच्या मँचेस्टर विद्यापीठात सामील झाले. तिच्या इमारतीत 1868 मध्ये ट्रेड्स युनियन काँग्रेसची पहिली सभा भरली, ही गोष्ट मालकांच्या मंडळींनीही कौतुकाने ऐकावी.

या संस्थेच्या संस्थापकांपैकी रिचर्ड रॉबर्ट्स यांचे नाव आज शहरातही फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. 1789 मध्ये वेल्सच्या सीमेवर एका चांभाराच्या घरी जन्मलेल्या या कारागिराने लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात हात बसवला, 1816 च्या सुमारास मँचेस्टरला येऊन घरातच लेथ थाटला, आणि त्याचे चाक, असे सांगतात, त्यांची पत्नी फिरवीत असे. 1817 मधील त्यांचे धातू सपाट करणारे रंधायंत्र आणि 1825 व 1830 च्या पेटंटांनी सिद्ध झालेला स्वयंचलित म्यूल, म्हणजे सूत कातून ते चात्यांवर आपोआप गुंडाळणारे यंत्र, यांनी गिरणीधंद्याचा कायापालट केला, जरी तो म्यूल संपकरी सूत कातणाऱ्या कामगारांना शह देण्यासाठीच मालकांना हवा होता. मॉडस्ले स्वतः यंत्रकार जोसेफ ब्रामा यांच्या हाताखाली तयार झाले होते आणि मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ हे मॉडस्ले यांच्या; प्रस्तुत विषयाशी या नगरीचा संबंध आहे तो एवढाच, पण तो पक्का आहे. व्हिटवर्थ वैभवात राहिले, त्यांच्या नावाचे कलादालन व उद्यान येथे आहे. रॉबर्ट्स मात्र 1843 मध्ये व्यवहारदक्ष भागीदारांपासून वेगळे झाल्यावर हिशेबात हरत गेले आणि 1864 मध्ये लंडनमध्ये दारिद्र्यात वारले. यंत्र शिकवणारा गुरू त्यांना लाभला, धंदा शिकवणारा लाभला नाही, असे म्हणणे चूक ठरणार नाही.

परिषदेच्या व्यवस्थेत उणिवा आहेत आणि स्वागत समितीला त्यांची जाणीव आहे: सभागृहालगत वाहनतळ अपुरा आहे, निवासस्थाने एकमेकांपासून दूर पडली आहेत, जैन भोजनाची पाने मर्यादित आहेत, आणि पावसाचा बंदोबस्त करणे कोणत्याही समितीच्या हाती नाही, या सर्वांबद्दल प्रतिनिधींनी उदार मनाने क्षमा करावी. ज्यांनी देणग्या दिल्या, ज्यांनी पाहुण्यांना घरी उतरवून घेतले, ज्या भगिनींनी आदल्या रात्री जागून पुरणपोळ्या केल्या, ज्या तरुणांनी खुर्च्या मांडल्या आणि उद्या त्या उचलणार आहेत, त्या सर्वांची समिती ऋणी आहे. देणगीदारांची नावे स्मरणिकेत छापली असून एखादे राहिले असल्यास तो दोष समितीचाच समजावा.

भोजनाच्या वेळी प्रत्येक पंगतीत एक जागा नव्याने नोकरीला लागलेल्या अभियंत्यासाठी राखली आहे, तरी ज्येष्ठ प्रतिनिधींनी कृपया ती आपल्या मित्रांना देऊ नये.