नॉब फिरवण्याआधी

सोल्डर नीट बसलं नाही की बहुतेकांचा हात आधी सोल्डरिंग आयर्नच्या तापमानाच्या नॉबकडे जातो. ३५० अंशांवर होत नाही, मग ४२० करून बघू. दुरुस्ती करणारी मुलं मन लावून काम करतात, हातात कसब असतं, आणि तरी या एका सवयीपायी वाचू शकणारे बोर्ड भंगारात जातात. मला त्याची फार हळहळ वाटते, म्हणून आज तेवढंच बोलणार आहे.

आकडे पाहा. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. आयर्नचं टोक, म्हणजे बिट, ३५० अंशांवर आहे. तापमान भरपूर आहे; कमी पडते ती उष्णता. पार्टचा जो पाय ग्राउंडला जातो, त्याच्याभोवती बोर्डभर तांब्याचा थर असतो. जाडी बहुधा ३५ मायक्रॉनच, पण तांबं उष्णता वाहून नेतं ते बोर्डच्या फायबरग्लासच्या हजारपटीहून जास्त. सुईसारखं बिट त्या पायाला जेमतेम टेकतं. तेवढ्या स्पर्शातून जी उष्णता शिरते, ती तांबं लगेच चहूकडे पसरवून टाकतं आणि सांधा थंडच राहतो. अशा वेळी बिट बदलावं. छिन्नीसारखं चपटं, रुंद बिट घ्या, टोकाला थोडं वितळलेलं सोल्डर ठेवा. त्याच ३५० अंशांवर पुष्कळदा तोच पाय दोन-चार सेकंदांत सोल्डर पकडतो.

नॉब वाढवला तर नुकसान एकामागून एक होत जातं. फ्लक्समधल्या रोझिनचं काम तांब्यावरचा ऑक्साइड काढण्याचं. ते काम होण्याआधीच रोझिन जळून जातं. बिटवरच्या लोखंडाच्या मुलाम्यावर काळा थर चढतो. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे बिट कमी तापतंय असं वाटतं, आणि नॉब पुन्हा फिरतो! इकडे साध्या एफआर-४ बोर्डातलं रेझिन १३० ते १४० अंशांच्या पुढे मऊ पडतं, जाडीच्या दिशेने फुगू लागतं. पाय ज्याला जोडतात त्या तांब्याच्या पॅडची पकड सुटते, तो उचलून येतो. उचललेला पॅड निदान दिसतो, वायर टाकून काम निभावता येतं. पण बोर्ड फुगताना भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा तडकला, तर वरून काहीच कळत नाही. असा बोर्ड टेबलावर चालतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी गरम झाला की बंद पडतो.

सोल्डर नव्हे, जोडायची वस्तू तापवायची असते; आपल्याकडचे कल्हईवाले हे नीट जाणून होते. ते भांडं तापवत, नवसागराने पृष्ठभाग साफ करत, आणि मग कथील भांड्याच्याच उष्णतेने पसरे. बोर्डवरही पाय आणि पॅड दोन्ही तापवून सोल्डरची तार त्यांना लावायची. बिटवर गोळा घेऊन तो वरून ठेवला, तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा, ठरलेलाच.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघात शिशावर निर्बंध आले आणि मोठ्या प्रमाणावर बिनशिशाचं सोल्डर वापरात आलं. त्यातलं एक नेहमीचं मिश्रण ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं, बाकी कथील. ते २१७ ते २२० अंशांना वितळतं. बोर्डची सहनशक्ती मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही. म्हणजे चुकीला वाव कमी झाला. बिनशिशाच्या सोल्डरने जोडलेला पार्ट काढताना जुन्या सांध्यात थोडं शिशाचं सोल्डर मिसळा. मिश्रण लवकर वितळतं.

इथे बोर्ड आखणारे कुणी असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ग्राउंडच्या पॅडभोवती सरसकट तांबं भरू नका. चार बारीक पट्ट्यांनी पॅड जोडला, तर वीज जाते आणि उष्णता अडते. भारी करंटच्या जागी पट्ट्या चालत नाहीत, हे खरं. तिथे निदान दुरुस्ती करणाऱ्याची अडचण आधी ओळखून ठेवा.

आणि जाड, अनेक थरांच्या बोर्डवर रुंद बिटही पुरत नसेल, तर बोर्ड खालून सावकाश १०० अंशांच्या आसपास तापवा. मग बिटला उरलेलं अंतरच कापायचं असतं. सावकाशच तापवा, कारण सिरॅमिकचे चपटे कपॅसिटर अचानक तापले तर आतून तडकतात.