कामाचा भार आणि कामाची गोडी
(महोत्सवी समारंभातील भाषण)



अशा मंगल प्रसंगी संस्थेच्या वास्तूविषयी व देणगीदारांविषयी बोलण्याचा शिरस्ता आहे. आम्ही मात्र राबणाऱ्या हातांविषयी चार शब्द बोलणार आहोत. कामाचा भार वाढला म्हणजे माणसाच्या प्रकृतीचे व उमेदीचे काय होते, हा आमचा विषय.

रविवारची सुट्टी आज आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा भरविल्या, अर्ज केले. तेव्हा कोठे १८९० च्या जूनमध्ये ती मिळाली.

विश्रांतीने काम बुडते काय? जर्मनीत येना येथील त्साइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली रोजचे काम नऊ तासांवरून आठ तासांवर आणले. नगावर मजुरी घेणाऱ्यांचा हिशेब ताडून पाहिला, तो आठ तासांत पूर्वीपेक्षा थोडे अधिकच काम उतरले होते! आबे यांचे म्हणणे साधे होते : आजचा थकवा आजच्या विश्रांतीने भरून निघाला पाहिजे. रोज थोडी तूट राहिली, तर ती सावकारी कर्जासारखी साचत जाते.

हे कर्ज शरीर फेडते. आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांस, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितले.

परंतु भार केवळ तासांनी मोजता येत नाही. अमेरिकेतील रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये दाखविले की, काम पुष्कळ आणि ते कसे करावे हे ठरविण्याची मुभा मात्र नाही, अशा ठिकाणी मन अधिक खचते. कष्ट माणूस सोसतो. आपल्याला कोणी विचारीत नाही, हे त्याला सोसवत नाही.

आपल्या इंदुरात एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत. भोंगा कामावर बोलावी, तसा काम संपल्याचेही सांगे. आज आपल्या मुलामुलींच्या खिशातील फोनला सुट्टीचा भोंगाच नाही. रात्री जेवणाच्या ताटावरही कचेरी येऊन बसते.

संस्थेतही निराळे नसते. जो काम करतो, त्याच्याच गळ्यात आणखी काम पडते. मग तोच उत्साही कार्यकर्ता एके दिवशी गुपचूप येणे सोडतो, आणि आपण तरुणांत सेवाभाव उरला नाही म्हणून हळहळतो.

म्हणून विश्वस्तांपुढे आणि दुकान, कारखाना चालविणाऱ्या आपल्या मंडळींपुढे आमच्या तीन सूचना आहेत. नवे काम सोपविताना कोणते जुने काम कमी करायचे, तेही तेव्हाच सांगावे. आठवड्याची सुट्टी निमंत्रणाने वा फोनने मोडू नये. आणि कामाची पद्धत ठरविताना कारकुनापासून स्वयंपाकघरातील बाईंपर्यंत सर्वांना विचारावे.

यास पैसा फारसा लागत नाही. संस्था देणग्यांवर उभी राहते, हे खरे. पण ती चालते ती उद्या पुन्हा हौसेने कामावर येणाऱ्या माणसांमुळे. त्यांची हौस राखणे हेही विश्वस्तांचे कर्तव्यच होय.